चायनीजचं दुसरं वर्ष: इंग्रजी बाजूला ठेवा, मराठीचा आधार घ्या

हा लेख ज्यांचं पहिलं वर्ष झालंय त्यांच्यासाठी आहे. जेएनयूत बीए करताय, शांतिनिकेतनला चीना भवनात आहात (१९३७ पासून चालू असलेला विभाग आहे तो), किंवा नोकरी सांभाळून एखाद्या विद्यापीठाचा डिप्लोमा करताय, काहीही असू दे, दुसऱ्या वर्षात जे होतं ते सगळीकडे सारखंच होतं. धड्यांवरचं पिनयिन (रोमन अक्षरांत लिहिलेला उच्चार) गायब होतं, चार ओळींच्या संवादांच्या जागी पान-पान भर उतारे येतात, बोलीतल्या शब्दांबरोबर लेखी भाषेतले शब्द यायला लागतात आणि रोज अभ्यास करूनसुद्धा आपण जागेवरच आहोत असं वाटायला लागतं. शब्दांचं गणित बघितलं तरी कळेल, एचएसके या चीनच्या अधिकृत भाषा-परीक्षेच्या सहा पातळ्यांच्या पद्धतीत तिसऱ्या पातळीला ६०० शब्द, चौथीला १२०० आणि पाचवीला २५०० आहेत, म्हणजे प्रत्येक पायरीला ओझं साधारण दुप्पट.

माझं म्हणणं एकच आहे आणि ते मी मनापासून सांगतोय. आपली पुस्तकं इंग्रजीतून समजावतात, वर्गात इंग्रजीतून शिकवलं जातं, त्यामुळे मराठी पोरं आधी मराठीतून इंग्रजीत जातात आणि मग इंग्रजीतून चायनीजमध्ये. हा लांबचा रस्ता आहे. चायनीजचे उच्चार आणि वाक्यरचनेतल्या कितीतरी गोष्टी इंग्रजीपेक्षा मराठीला जवळच्या आहेत, आणि जिथे मराठी फसवते त्या जागाही मोजक्या आहेत, त्या आधीच माहीत असल्या की सांभाळता येतं.

(खाली चायनीज शब्द देवनागरीत लिहिलेत ते फक्त इथे वाचायला सोपं जावं म्हणून. तुमच्या वहीत हान्त्स (चायनीज चिन्हं) आणि स्वरचिन्हांसकट (टोनच्या खुणांसकट) पिनयिनच लिहा, देवनागरीत नोट्स काढायची सवय लावू नका, त्यात स्वर दिसत नाहीत.)

पायरी १: सेमिस्टर सुरू व्हायच्या आधी उच्चार दुरुस्त करा

पहिल्या वर्षात चुकीचे बसलेले उच्चार दुसऱ्या वर्षात नडतात, कारण आता ऐकायचा वेग वाढतो आणि तुमच्या डोक्यातला आवाज व रेकॉर्डिंगमधला आवाज जुळत नसेल तर माहीत असलेला शब्दही ओळखू येत नाही.

पिनयिनमधलं बी हे अक्षर म्हणजे आपला ब नाही, तो प आहे. आणि पी म्हणजे फ, पण ‘फळ’ मधला, ‘फॅन’ मधला नाही. डी म्हणजे त, टी म्हणजे थ, जी म्हणजे क, के म्हणजे ख. म्हणून चीनच्या राजधानीचं नाव तिथला माणूस पेइचिंग असं म्हणतो. प-फ, त-थ, क-ख हा फरक आपण बालवाडीपासून करतोय, इंग्रजी बोलणाऱ्याला त्यासाठी तोंडासमोर कागद धरून सराव करावा लागतो. रोमन अक्षर बघून आपण उगाच ब, द, ग म्हणत बसतो आणि हातातलं भांडवल घालवतो.

दुसरं भांडवल म्हणजे आपले दोन च. ‘चमचा’ मधला च आणि ‘चिमणी’ मधला च वेगळा आहे हे हिंदीवाल्याला सांगावं लागतं, आपल्याला नाही. पिनयिनमधला झेड म्हणजे ‘चमचा’ वाला च आणि जे म्हणजे साधारण ‘चिमणी’ वाला. त्याच ओळीत क्यू म्हणजे ‘छिद्र’ मधला छ आणि एक्स म्हणजे ‘शिट्टी’ मधला श. उरतो सी, तो ‘चमचा’ वाल्या च ला ह ची फुंकर दिली की येतो, हा मराठीत नाही, त्यामुळे यावर वेगळा वेळ द्या. आणि झेडएच, सीएच, एसएच या तिन्हींसाठी जीभ ट म्हणताना जाते तशी मागे न्या, एसएच म्हणजे शाळेत शिकवलेला खरा ष, जो आपण बोलताना श करून टाकतो. आर हा आपला थरथरणारा र नाही, ष म्हणता म्हणता गळ्यातून आवाज काढला तर जे येतं त्याच्या जवळचा आहे.

स्वर, म्हणजे टोन (शब्दाचा अर्थ बदलणारे आवाजाचे चढउतार), यात मात्र मराठीची काही मदत नाही. दुसऱ्या वर्षात एकेका शब्दाचा टोन पाठ करून भागत नाही, जोड्या पक्क्या करा. चार टोन गुणिले चार म्हणजे १६ जोड्या, आणि दुसरा अवयव हलका, म्हणजे टोनशिवायचा, असलेल्या अजून ४, एकूण २०. प्रत्येक जोडीसाठी तुम्हाला आधीच येणारा एक शब्द निवडा, म्हणजे २० शब्दांची एक यादी होते, ती रोज सकाळी एकदा मोठ्याने म्हणा आणि आठवड्यातून एकदा मोबाइलवर रेकॉर्ड करून मूळ आवाजाशेजारी ठेवून ऐका. तीन गोष्टी विशेष बघा: तिसरा टोन वाक्यात बहुतेक वेळा नुसता खाली राहतो, पूर्ण वर चढत नाही. दोन तिसरे लागोपाठ आले की पहिल्याचा दुसरा होतो. आणि ‘पु’ (नाही) हा चौथ्या टोनपुढे दुसरा होतो. प्रश्न विचारताना आपण मराठीत वाक्याचा शेवट वर उचलतो, ती सवय चायनीजमध्ये चौथ्या टोनच्या शब्दाचा पार बळी घेते. ‘मा’ हा प्रश्नाचा शब्द आपल्या ‘का’ सारखाच शेवटी बसतो, ‘तू जातोस का’ म्हणजे ‘नी छ्यू मा’, प्रश्न आहे हे त्या मा नेच कळतं, आवाज उचलायची गरज नाही.

पायरी २: एका धड्याचा आठवडा

बऱ्याच वर्गांत एक धडा आठवडा-दहा दिवस चालतो. तो वर्गात सुरू व्हायच्या आधी घरी सुरू करा.

पहिल्या दिवशी पुस्तक बंद ठेवून खवन, म्हणजे धड्याचा उतारा, फक्त ऐका, दोन-तीनदा. काय कळलं ते मराठीत दोन ओळीत लिहा, कमी कळलं तरी चालेल. मग पुस्तक उघडा. दुसऱ्या दिवशी षंगत्स्ह, नवे शब्द. इथे बहुतेकजण शब्द आणि समोर इंग्रजी अर्थ अशी कार्डं करतात आणि माझ्या मते इथेच सगळ्यात जास्त मेहनत वाया जाते. या पातळीला शब्द एकटा पाठ करू नका, धड्यातलं अख्खं वाक्य कार्डावर घ्या, म्हणजे तो शब्द कोणत्या क्रियापदाबरोबर, कोणत्या मापशब्दाबरोबर (वस्तू मोजताना नामाआधी लागणाऱ्या शब्दाबरोबर) बसतो ते आपोआप लक्षात राहतं. अँकीत (कार्डांची उजळणी करून घेणाऱ्या अ‍ॅपमध्ये) पुढच्या बाजूला वाक्याचा आवाज आणि मागच्या बाजूला हान्त्स, एवढं पुरे. अर्थ लिहायचाच असेल तर मराठीत लिहा. दिवसाला १० नवी कार्डं, जास्त नको, कारण जुन्यांची उजळणीही वाढत जाते. १० म्हणजे कमी वाटतात पण १५ आठवड्यांच्या सेमिस्टरमध्ये ती हजाराच्या वर जातात आणि तिसऱ्या पातळीवरून चौथीला जायला ६०० च शब्द लागतात.

तिसऱ्या दिवशी मोठ्याने वाचन. रेकॉर्डिंगच्या अर्ध्या सेकंदाने मागे राहून त्याच चालीत बोलत जायचं, वाक्य कुठे तोडलंय तिकडे कान द्या. चौथ्या दिवशी थिंगश्ये, स्वतःचं स्वतः, रेकॉर्डिंग थांबवत थांबवत हाताने लिहायचं. पाचव्या दिवशी फूषू, म्हणजे धडा बंद करून तो आपल्या शब्दांत सांगायचा, आणि हे घरातल्या भिंतीला नाही तर मोबाइलच्या रेकॉर्डरला सांगा म्हणजे नंतर ऐकता येतं. उताऱ्यातला एक चांगला परिच्छेद तोंडपाठ करा. चिनी शाळेत ‘पेइ खवन’, धडा पाठ करणं, ही नेहमीची गोष्ट आहे आणि ज्यांनी लहानपणी पाढे आणि कविता पाठ केल्यात त्यांना हे जमतंच, त्यात जुनाट काही नाही, पाठ झालेलं वाक्य बोलताना तयार मिळतं.

पायरी ३: व्याकरण मराठीतून बघा

ही पायरी नीट वाचा, सगळ्यात जास्त फायदा इथे आहे.

लांब विशेषणं. इंग्रजीत ‘पुस्तक, जे मी काल घेतलं’ असं मागून जोडतात, म्हणून इंग्रजीतून शिकणाऱ्याला चायनीज वाक्य उलटं वाटतं. मराठीत म्हणा, ‘मी काल घेतलेलं पुस्तक’. चायनीज: ‘वो च्वोथ्येन माय त षू’. मी, काल, घेतले-लं, पुस्तक. शब्दाला शब्द. तो ‘त’ म्हणजे आपलं ‘लेलं’ किंवा ‘चा-ची-चे’. उताऱ्यात दोन ओळींचं वाक्य आलं की आधी ‘त’ शोधा, त्याच्या आधीचं सगळं ‘लेला-लेली-लेलं’ लावून मराठीत म्हणा, वाक्य सरळ होतं.

जागा. ‘मी लायब्ररीत पुस्तक वाचतो’ यात लायब्ररी क्रियापदाच्या आधी येते, चायनीजमध्येही आधीच: ‘वो त्साय थूषूक्वान खान षू’.

‘पा’ ची रचना. वर्गात सगळे घाबरतात ती हीच. चायनीजमध्ये एरवी कर्म क्रियापदाच्या नंतर येतं पण एखाद्या वस्तूचं नेमकं काय केलं हे सांगायचं असेल तर ‘पा’ लावून कर्म पुढे आणतात: ‘पा षू फांग त्साय च्वोत्स षांग’. आपण काय म्हणतो? ‘पुस्तक टेबलावर ठेव’. कर्म आधी, क्रियापद नंतर. दोन अटी लक्षात ठेवा, वस्तू ठरावीक असली पाहिजे आणि क्रियापद एकटं सोडायचं नाही, त्याच्यामागे काय झालं ते यायला हवं.

परिणाम दाखवणारे शेपूट-शब्द. शोधणं आणि सापडणं, बघणं आणि दिसणं, ऐकणं आणि ऐकू येणं. मराठीत या जोड्या आहेत, आणि चायनीजमध्येही त्याच आहेत: ‘चाओ’ म्हणजे शोधणं, ‘चाओ-ताओ’ म्हणजे सापडणं, ‘खान’ बघणं, ‘खान-च्येन’ दिसणं, ‘थिंग’ ऐकणं, ‘थिंग-च्येन’ ऐकू येणं. ‘शोधलं पण सापडलं नाही’ हे वाक्य मराठी माणसाला समजावून सांगावं लागत नाही. तसंच ‘खान-वान ल’ म्हणजे वाचून झालं, ‘छर-वान ल’ म्हणजे खाऊन झालं.

मग यातच मधे ‘पु’ घालतात तो प्रकार येतो, पुस्तकं त्याला पानभर समजावतात. मराठीत आपल्याकडे त्यासाठी चक्क वेगळं रूप आहे. ‘आता चालवत नाही’, पायांत त्राणच नाही या अर्थाने, ते ‘त्सोउ-पु-तोंग’. ‘अजून खाववत नाही’, पोट भरलंय, ते ‘छर-पु-श्या’. ‘दिसत नाही’ म्हणजे ‘खान-पु-च्येन’, ‘ऐकून कळत नाही’ म्हणजे ‘थिंग-पु-तोंग’. इच्छा नाही असं नाही, होत नाही, जमत नाही, हा जो अर्थ आहे तो ‘-वत नाही’ मध्ये अगदी नेमका आहे. इंग्रजीतल्या ‘कॅनॉट’ ने तो धूसर होतो.

‘ल’. याला भूतकाळाचं चिन्ह समजू नका, इंग्रजीतून शिकवताना तसं कानावर पडतं. वाक्याच्या शेवटचा ‘ल’ म्हणजे परिस्थिती बदलली. पहिले थेंब पडले की आपण ओरडतो ‘पाऊस आला!’, ते ‘श्या यू ल!’. कोणी हाक मारली की अजून उठलोही नसताना आपण म्हणतो ‘आलो आलो!’, चिनी माणूस म्हणतो ‘लाय ल, लाय ल!’.

आणि ‘आम्ही’ व ‘आपण’. उत्तर चीनच्या बोलण्यात ‘त्सानमन’ म्हणजे समोरच्याला धरून आपण, ‘वोमन’ आम्ही (कधी दोन्हीसाठीही). हिंदी-इंग्रजीत हा भेद नाही, आपल्याला तो जन्मापासून आहे.

मराठी फसवते त्या जागा

एक, तुलना. ‘तो माझ्यापेक्षा खूप उंच’ याचं सरळ भाषांतर करून ‘था पी वो हन काओ’ म्हटलं जातं, ते चूक. ‘पी’ च्या वाक्यात ‘हन’ चालत नाही, ‘था पी वो काओ त त्वो’ म्हणायचं.

दोन, ‘आणि’. आपला ‘आणि’ शब्दांना जोडतो तसाच वाक्यांनाही जोडतो. चायनीजचा ‘ह’ फक्त नामांना. वाक्यं जोडायला स्वल्पविराम टाकून पुढे जा किंवा ‘ये’ (सुद्धा), ‘हाय’ (शिवाय), ‘रानहोउ’ (मग) वापरा.

तीन, ‘आहे’. ‘तो उंच आहे’ मध्ये ‘षर’ घालायचा मोह तिसऱ्या वर्षापर्यंत जात नाही. विशेषणापुढे ‘षर’ नको, ‘था हन काओ’.

चार, किती वेळ. ‘मी दोन वर्षं चायनीज शिकलो’ यात दोन वर्षं आधी येतात. चायनीजमध्ये केव्हा हे क्रियापदाच्या आधी पण किती काळ हे नंतर: ‘वो श्युए ल ल्यांग न्येन चोंगवन’.

पाच, ‘होतो’. ‘काल मी बिझी होतो’ मध्ये ‘ल’ नको, ‘च्वोथ्येन वो हन मांग’ एवढंच.

ही पाचची यादी वहीच्या पुठ्ठ्यावर लिहा आणि निबंध दिला की द्यायच्या आधी पाचही जागा तपासा.

पायरी ४: हान्त्स हाताने लिहायचे की नाही

विद्यापीठाची परीक्षा कागदावर असेल तर लिहायलाच हवेत, यात वाद नको. पण एक चिन्ह ओळभर गिरवत बसू नका, तिसऱ्यानंतर हात चालतो आणि डोकं झोपतं. आवाज ऐकून आठवून लिहा, चुकलं की एकदा बघा, दहा मिनिटांनी परत लिहा.

आता तुम्हाला काहीशे चिन्हं येतात, तेव्हा कुटुंबं लावायची वेळ आलीय. बहुतेक चिन्हांत एक भाग अर्थाचा असतो आणि एक आवाजाचा. ‘छिंग’ हा आवाजाचा भाग घ्या. त्याला पाण्याचे तीन थेंब लावले की स्वच्छ, बोलण्याचा भाग लावला की विनंती करणं, हृदय लावलं की भावना, सूर्य लावला की निरभ्र आकाश, सगळ्यांचा उच्चार छिंग, फक्त टोन सगळ्यांचा एक नाही. डोळा लावला की डोळ्यातलं बुबुळ, तिथे उच्चार होतो चिंग. तसंच ‘पाओ’ चं कुटुंब: अन्न लावलं तर पोट भरलेला, हात लावला तर मिठी, आणि पाय लावला तर पळणं, पण त्याचा उच्चार फाओ. म्हणजे आवाजाचा भाग यमक जवळपास सांभाळतो, सुरुवात प ची फ होऊ शकते. प्लेको डिक्शनरीत एखादं चिन्ह उघडलं की त्यापासून बनलेले शब्द दिसतात, बोटाने चिन्ह काढूनही शोधता येतं, आणि मूळ डिक्शनरी फुकट आहे. नवा धडा आला की त्यातल्या दोन-तीन चिन्हांची कुटुंबं वहीत वाढवत जा.

पायरी ५: निबंध

त्स्वोवन, म्हणजे निबंध, म्हटलं की पोरं छोटी छोटी तुटक वाक्यं लिहितात, कारण चुकायची भीती. जोड-शब्दांच्या जोड्या घ्या, त्या मराठीतही जोडीनेच येतात. जरी-तरी म्हणजे ‘स्वेइरान-तानषर’. जर-तर म्हणजे ‘रूक्वो-च्योउ’. नुसतं एवढंच नाही तर तेही, म्हणजे ‘पुतान-अरछ्ये’. यात दोन जोड्या नीट वेगळ्या ठेवा: ‘चरयाओ-च्योउ’ म्हणजे एवढं केलंस तरी पुरे, ‘चरयोउ-त्स्हाय’ म्हणजे हे केलंस तरच. परीक्षेत यावर हमखास प्रश्न असतो. प्रत्येक निबंधात त्या आठवड्याच्या धड्यातल्या तीन रचना वापरायच्या, आणि लाओषरांनी, म्हणजे शिक्षकांनी, तपासून दिला की लाल शाई बघून ठेवून न देता पूर्ण निबंध पुन्हा स्वच्छ लिहायचा. दुसऱ्यांदा लिहिणं हेच शिकणं आहे, ते कोणी करत नाही म्हणून इतक्या कळकळीने सांगतोय.

पायरी ६: वर्गाबाहेर

वाचनासाठी ज्याची गोष्ट आधीच माहीत आहे असा विषय निवडा, अर्धे अनोळखी शब्द संदर्भाने कळतात. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस १९३८ मध्ये भारतीय वैद्यकीय पथकातून चीनला गेले, तिथे चायनीज शिकले, १९४२ मध्ये तिथेच वारले. चीनमध्ये त्यांना ‘ख तीह्वा’ या नावाने ओळखतात आणि त्यांच्यावर चायनीजमध्ये भरपूर लिहिलेलं सापडतं. तसंच आपल्या इतिहासाच्या पुस्तकातला ह्युएन त्संग, म्हणजे श्वेनत्सांग, सातव्या शतकात महाराष्ट्रात येऊन पुलकेशीबद्दल लिहून गेलेला. पातळीनुसार सोपं केलेलं वाचायचं असेल तर ड्यूचायनीज सारखी अ‍ॅप आहेत, आवाजासकट.

बोलायला माणूस मिळणं अवघड आहे हे खरं. वीचॅट आणि वेइबो जून २०२० पासून भारतात बंद आहेत, त्यामुळे पूर्वीसारखे चिनी मित्र सहज जोडता येत नाहीत. वर्गातलीच दोघं-तिघं मिळून आठवड्यातून एक तास फक्त चायनीज बोलायचं ठरवा, विषय आधी ठरवून, धड्यातलाच, नाहीतर दहा मिनिटांत सगळे मराठी-हिंदीवर येतात.

तैवानचाही विचार करा. तिथल्या शिक्षण मंत्रालयाची ह्वायू एनरिचमेंट शिष्यवृत्ती भाषा शिकण्यासाठीच आहे, आणि २०२४ पासून तैवानचं कार्यालय मुंबईतही सुरू झालंय. तिकडे जुनी, पूर्ण रेषांची चिन्हं चालतात आणि परीक्षा टॉकफल असते, एचएसके नाही. सोपी चिन्हं पक्की असतील तर जुनी वाचायची सवय लागायला वाटतो तेवढा त्रास होत नाही.

पायरी ७: एचएसके कधी द्यायची

दुसऱ्या वर्षाच्या शेवटी चौथी पातळी हे रास्त लक्ष्य आहे. सहा पातळ्यांच्या पद्धतीत चौथीला १०० प्रश्न असतात, ऐकण्याचे ४५, वाचनाचे ४०, लिहिण्याचे १५, एकूण ३०० पैकी १८० ला पास. तिसरीला ऐकण्याचे प्रश्न दोनदा वाजतात, चौथीला एकदाच, म्हणून सरावही एकदाच ऐकून करा. कॉम्प्युटरवर दिली तर चिन्हं पिनयिनने टाइप करायची असतात, कागदावर दिली तर हाताने लिहायची. २०२१ मध्ये चीनने नऊ पातळ्यांचं नवं मानक आणलं आहे आणि त्यात बहुतेक पातळ्यांना शब्द बरेच जास्त आहेत, त्यामुळे फॉर्म भरायच्या आधी तुमच्या केंद्रावर कोणत्या पद्धतीची परीक्षा होतेय ते विचारा आणि सरावाचे पेपर त्याच पद्धतीचे घ्या. निकाल विद्यापीठ प्रवेशासाठी दोन वर्षंच धरला जातो, म्हणून बाहेर शिकायला जायचा बेत असेल तर तारीख अर्जाच्या हिशोबाने मागे मोजून ठरवा.